पुणे लोकसभा, १९५२ ते २०२४ : तक्ता भरतानाच्या नोंदी

९ फेब्रुवारी २०२५

काम असं आहे. धायरीच्या एका छोट्या वाचनालयाला भिंतीवर लावायला मोठा तक्ता हवाय : पुण्याचे आजवरचे खासदार. कोण, केव्हा, कुठल्या पक्षातून. तक्ता माझ्याकडे, नकाशा एका जुन्या मित्राकडे. त्याचा पोटापाण्याचा धंदाच नकाशांचा; इथे फुकट करतोय, त्यामुळे त्याच्यामागे तगादा लावायची सोय नाही.

नावांची यादी लगेच झाली. काकासाहेब गाडगीळ, नानासाहेब गोरे, शंकरराव मोरे, एस. एम. जोशी, मोहन धारिया दोनदा, विठ्ठलराव गाडगीळ तीनदा, अण्णा जोशी, सुरेश कलमाडी, विठ्ठल तुपे, प्रदीप रावत, पुन्हा कलमाडी दोनदा, अनिल शिरोळे, गिरीश बापट, मुरलीधर मोहोळ. अठरा सार्वत्रिक निवडणुका, तेरा माणसं. इथेच थांबलं असतं तर आज रात्री काम संपलं होतं.

पण ही यादी नुसती वाचली की मनात आपोआप एक गोष्ट तयार होते : पुणं आधी काँग्रेसचं, मग समाजवाद्यांचं, मग परत काँग्रेसचं आणि आता भाजपचं. जणू सगळं शहर दर काही वर्षांनी कूस बदलतं. मला ते पटत नाही. विजेत्याच्या शेजारी आणखी रकाने काढलेत : दुसरा कोण, तिसरा कोण, आणि त्या साली महाराष्ट्रात वारं कुठलं होतं. वाचनालयाचे चिटणीस म्हणाले, "ताई, भिंत तेवढी मोठी नाहीये." बघू.

१२ फेब्रुवारी

पहिल्याच ओळीला अडचण. १९५२ साली पुण्याच्या नावाच्या जागा दोन होत्या : पुणे मध्य आणि पुणे दक्षिण. मध्यमधून काकासाहेब गाडगीळ, दक्षिणेतून इंदिराबाई मायदेव, दोघंही काँग्रेसचे. यादी करणारे बहुतेक जण काकासाहेबांचं नाव घालून पुढे जातात. मी दोन्ही लिहिली. मायदेवांचं नाव गाळलं तर तक्त्यात एकही बाई उरत नाही. त्यांच्यानंतर पुण्यातून लोकसभेवर बाई गेलेली नाही. ज्या गावात फुल्यांची शाळा झाली त्या गावाचा हा हिशेब.

त्या वेळी मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह. आपली कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. शिक्क्याची पद्धत देशभर रुळली ती १९६२पासून. तक्त्यात याला जागा नाही, पण समोरच्या आजोबांच्या बोलण्यात 'डबा' शब्द का येत होता ते आता कळलं.

१५ फेब्रुवारी

१९५७. या एका ओळीवर आठवडा घालवला तरी चालेल.

काकासाहेब काही ऐरेगैरे नव्हते. १९४७ ते ५२ केंद्रात मंत्री. त्याआधी १९३०च्या दशकात केशवराव जेध्यांबरोबर त्यांनी पुण्याची काँग्रेस पेठांमधून काढून बहुजनांपर्यंत नेलेली. संयुक्त महाराष्ट्रालाही त्यांचा पाठिंबा. मुंबईचा प्रश्न मुंबईच्या रस्त्यांवर सुटेल असा इशारा त्यांनी लोकसभेत दिला होता. म्हणजे पुणेकरांना जे हवं होतं तेच काकासाहेबांनाही हवं होतं. फक्त ते काँग्रेसमध्ये राहिले.

समोर नानासाहेब गोरे. १८ मे १९५५ला गोव्यात शिरलेल्या सत्याग्रहींच्या तुकडीचे नेते, सोबत सेनापती बापट. पोर्तुगीजांनी मारहाण केली, दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. सुटले ते १९५७च्या सुरुवातीला, म्हणजे ऐन निवडणुकीच्या तोंडावर. मधल्या काळात, ६ फेब्रुवारी १९५६ला, पुण्यातच संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली होती. त्या नोव्हेंबरात महाराष्ट्राला मिळालं काय, तर गुजरातसकट द्विभाषिक राज्य. गोव्याच्या तुरुंगातून आलेला माणूस, समितीचा पाठिंबा आणि द्विभाषिकाचा संताप. काकासाहेब पडले.

समोरचे आजोबा अठ्ठ्याऐंशीचे आहेत. तेव्हा मतदानाला वय एकवीस लागायचं, त्यांचं एक वर्षानं हुकलं, याचा राग अजून आहे. म्हणाले, "अगं, काकासाहेबांवर कुणाचा राग नव्हता. पण त्या वर्षी काँग्रेसच्या डब्यात मत टाकून घरी आलं असतं तर आईनं जेवायला वाढलं नसतं."

आता कागदाची गंमत. निवडणूक आयोगाच्या अहवालात गोऱ्यांपुढे पक्ष लिहिलाय प्रजा समाजवादी. बरोबरच आहे, चिन्ह त्या पक्षाचं होतं. समिती ही आघाडी, आयोगाच्या यादीतला पक्ष नव्हे, म्हणून ज्या लाटेनं हा निकाल लागला तिचं नावच अधिकृत नोंदीत नाही. पक्षाच्या रकान्यात अधिकृत नाव ठेवलं आणि खाली बारीक अक्षरात 'समितीचा पाठिंबा' असं जोडलं. हा नियम पुढेही लावणार : कागद म्हणेल तो पक्ष वर, लोक म्हणतील तो खाली.

२० फेब्रुवारी

१९६२ : शंकरराव मोरे, काँग्रेस. आदल्याच जुलैत पानशेत फुटून अर्धं गाव वाहून गेलेलं, तरी सत्ताधारी पक्षाची जागा आली. १ मे १९६०ला राज्य मिळालं, समितीचं कामच संपलं. स्वतः मोरे शेतकरी कामगार पक्षाच्या संस्थापकांतले, पहिल्या लोकसभेत त्याच पक्षाचे खासदार. म्हणजे 'काँग्रेसनं पुणं परत घेतलं' म्हणताना घेणारा माणूस काँग्रेसबाहेरून आलेला होता. हे लक्षात ठेवायचं.

१९६७ : एस. एम. जोशी, संयुक्त समाजवादी, चिन्ह वडाचं झाड. समितीचे सरचिटणीस होते ते. राज्यात काँग्रेसनं ४५पैकी ३७ जागा घेतल्या आणि पुण्यानं एसेमना पाठवलं. चौथ्या रकान्यात पहिली लाल खूण : वाऱ्याच्या उलट.

१९७१ : मोहन धारिया, इंदिरा गांधींची काँग्रेस, गाय-वासरू. १९७७ : मोहन धारिया, जनता पक्ष.

या दोन ओळी एकाखाली एक आल्या की बघत बसावंसं वाटतं. माणूस तोच, मतदारसंघाचं नाव तेच, बाजू उलटी. धारिया केंद्रात राज्यमंत्री होते. जयप्रकाशांशी बोला असं जाहीरपणे म्हणाले म्हणून मार्च १९७५मध्ये मंत्रिमंडळातून काढले गेले, आणीबाणीत तुरुंगात गेले, ७७ला जनता पक्षातर्फे उभे राहिले आणि व्यापारमंत्री झाले. नुसता पक्षाचा रकाना पाहणारा म्हणेल, पुणं बदललं. पुणं म्हणेल, आम्ही कुठे बदललो, आम्ही दोन्ही वेळा धारियांनाच दिलं. दोन्ही अर्धंच खरं.

कागद इथेही घोळ घालतोच. ७७च्या अहवालात धारियांपुढे भारतीय लोकदल आहे, कारण जनता पक्षाला वेळेवर मान्यता मिळाली नव्हती आणि सगळे चक्रातल्या नांगरधारी शेतकऱ्यावर लढले. वर लोकदल, खाली जनता.

२३ फेब्रुवारी

आज फक्त १९८०, ८४, ८९. विठ्ठलराव गाडगीळ, काँग्रेस, तीनदा. काकासाहेबांचे चिरंजीव. ८४ला काँग्रेसला राज्यात ४८पैकी ४३ जागा; अशा वर्षी पुण्याच्या आकड्यांतून शिकण्यासारखं काही नसतं. ८९ला मतदानाचं वय अठरा झालं, तेवढी टीप टाकली. पुढे.

१ मार्च

वाऱ्याचा रकाना आज पूर्ण भरला आणि या कामात पहिल्यांदाच मी खुर्चीत सरळ बसले.

१९९१. प्रचार चालू असताना २१ मेला राजीव गांधींची हत्या झाली, महाराष्ट्राचं मतदान जूनमध्ये गेलं. काँग्रेसनं ४८पैकी ३८ जिंकल्या. भाजपच्या वाट्याला राज्यभरात पाच, त्यातली एक पुणे. अण्णा जोशींनी विठ्ठलराव गाडगिळांना पाडलं. विठ्ठलराव म्हणजे कुणी आडबाजूचा उमेदवार नव्हे, काँग्रेसचे राष्ट्रीय पातळीवरचे प्रवक्ते.

१९९६. राज्यात उलटं. युतीला ३३ (भाजप १८, शिवसेना १५), काँग्रेसला १५. आणि पुण्यात? काँग्रेसचे सुरेश कलमाडी, गिरीश बापटांना हरवून.

म्हणजे काँग्रेसची लाट असताना भाजप, युतीची लाट असताना काँग्रेस. १९६७ धरून तीन लाल खुणा. चौथी २०२४ची : महाविकास आघाडीला राज्यात ३०, भाजप नऊवर, आणि त्या नऊत पुणे.

मित्राला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "पुणेकर ना, सगळे डावीकडे चालले की आपण उजवीकडे." विनोद ठीक आहे, कारण म्हणून चालणार नाही. ९१बद्दल कट्ट्यावर एकच गोष्ट ऐकू येते, की गाडगिळांना त्यांच्याच पक्षातल्या लोकांनी पाडलं. असेलही. मतमोजणीच्या कागदावर कोणी काम केलं नाही याचा रकाना नसतो. पण एवढं कागदावरूनही म्हणता येतं : राज्याच्या लाटेबरोबर पुणं वाहत नाही तेव्हा तिथली लढत पक्षांपेक्षा गावातल्या माणसांची आणि गटांची झालेली असते. पुढची दोन वर्षं याचीच साक्ष.

५ मार्च

१९९८. कलमाडी काँग्रेसबाहेर, अपक्ष, पाठिंबा कोणाचा तर भाजप-शिवसेनेचा. दोन वर्षांपूर्वी ज्यांनी त्यांना पाडण्यासाठी घसा कोरडा केला त्याच कार्यकर्त्यांनी आता त्यांच्या चिठ्ठ्या वाटायच्या. काँग्रेसकडून विठ्ठल तुपे. तुपे आले.

तक्त्यासाठी याचा परिणाम असा, की ९८ला पुण्यात कमळ नाही. भाजपच्या मतांची रेघ काढायला गेलं की ९६नंतर खड्डा आणि मग थेट ९९. मित्र म्हणाला, सरळ जोडून टाकू. नाही जोडली. ठिपके ठेवलेत. कलमाडींना पडलेली मतं भाजपची की कलमाडींची हे कुणी सांगू शकत नाही, स्वतः कलमाडीही नाही.

१९९९. पवारांनी राष्ट्रवादी काढली. तुपे राष्ट्रवादीतून, काँग्रेसकडून मोहन जोशी, भाजपकडून प्रदीप रावत. ज्या मतांवर तुपे आदल्या वर्षी निवडून आले ती आता दोन दारांत विभागली. रावत आले. यादीत दिसतं 'काँग्रेस, मग भाजप'. घडलं ते वेगळंच : काँग्रेसच्या घरात वाटण्या झाल्या.

२००४ला दोन्ही काँग्रेस एकत्र, कलमाडी काँग्रेसमध्ये परत, आणि जागा काँग्रेसकडे परत. मग २००७ची महापालिका. तिथे राष्ट्रवादी, भाजप आणि शिवसेना असे तिघं मिळून कलमाडींच्या काँग्रेसला बाहेर ठेवतात, त्याला सगळं राज्य 'पुणे पॅटर्न' म्हणतं. आणि २००९च्या लोकसभेला राष्ट्रवादी पुन्हा आघाडी म्हणून कलमाडींच्याच बाजूला. इथे मी पेन खाली ठेवलं आणि चहा केला.

११ मार्च

तक्ता भरत असतानाच एक चौकोन हलला. रवींद्र धंगेकर, २०२४चे काँग्रेसचे उमेदवार, काल काँग्रेस सोडून शिंदेंच्या शिवसेनेत गेले. शिवसेना, मनसे, काँग्रेस आणि पुन्हा शिवसेना (त्यातली एक). कसबा विधानसभेला बापटांविरुद्ध २००९ आणि २०१४ला ते मनसेतून लढले होते. मार्च २०२३च्या पोटनिवडणुकीत त्यांनीच १९९५पासून भाजपकडे असलेला कसबा दहा हजारांहून अधिक मतांनी काँग्रेसला मिळवून दिला, आणि नोव्हेंबर २०२४ला हेमंत रासनेंनी तो परत घेतला.

चिटणीस विचारत होते, मग आता धंगेकरांपुढे काय लिहायचं. जे २०२४ला होतं ते. तक्ता निकालाच्या दिवसाचा आहे. नाहीतर दर आठवड्याला खोडरबर घेऊन यावं लागेल.

१६ मार्च

आज नमुना २०. मतमोजणी संपल्यावर निवडणूक अधिकारी जो अंतिम निकालपत्रक भरतो तो हा. एकेका मतदान केंद्राची एक ओळ, एकेका उमेदवाराचा एक रकाना, शेवटी 'नोटा', नाकारलेली मतं वगैरे. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतात, पण अनेक पानं तिरकी स्कॅन केलेली, तीन आहे की आठ हे भिंगातून बघायचं.

मित्राला केंद्रवार नकाशा १९५२पासून हवा होता. मिळणार नाही, आणि हा आळस कुणाचाच नाही. कागदी मतपत्रिकांच्या काळात मोजणीआधी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळण्याची पद्धत होती, कुठल्या वस्तीनं कुणाला मत दिलं ते कळू नये म्हणून. मतदान यंत्र आलं आणि मिसळणं संपलं. प्रत्येक यंत्राची मोजणी वेगळी, म्हणजे प्रत्येक गल्लीचा निकाल उघडा. आयोगानं २००८मध्ये टोटलायझर सुचवलं होतं, अनेक यंत्रांची बेरीज एकदम करणारं उपकरण. ते वापरात आलं नाही.

तेव्हा पुण्याचा सलग वस्तीवार इतिहास मतदान यंत्रांच्या आधी जात नाही. नगरसेवकांना हे आपल्याहून जास्त चांगलं माहीत असतं. "तुमच्या सोसायटीतून लीड नाही मिळालं" हे वाक्य मतपत्रिका मिसळण्याच्या काळात कुणाला म्हणता आलं नसतं.

२२ मार्च

मुख्य काम आज झालं. २००९ ते २०२४ या चार निवडणुका एका हद्दीत आहेत (२००८च्या पुनर्रचनेनंतर वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट आणि कसबा पेठ), म्हणून यांची तुलना करताना अपराधी वाटत नाही.

२००९ : कलमाडी २,७९,९७३. शिरोळे २,५४,२७२. फरक २५,७०१. त्या साली मनसेनं ७५,९३० घेतली आणि बसपच्या हत्तीवर उभे राहिलेले बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णी यांनी ६२,९८१. तिसऱ्या आणि चौथ्याची बेरीज विजयाच्या फरकाच्या पाचपटीहून जास्त. मतदान मात्र जेमतेम ४१ टक्के. दहांतले सहा घरी.

२०१४ : शिरोळे ५,६९,८२५. विश्वजित कदम २,५४,०५६. फरक ३,१५,७६९.

२०१९ : बापट ६,३२,८३५. मोहन जोशी ३,०८,२०७. फरक ३,२४,६२८.

२०२४ : मोहोळ ५,८४,७२८. धंगेकर ४,६१,६९०. फरक १,२३,०३८.

आता फरक झाकून फक्त काँग्रेसचा आकडा खाली वाचत जायचा : २ लाख ८० हजार, २ लाख ५४ हजार, ३ लाख ८ हजार, ४ लाख ६२ हजार. २०११ला कलमाडींना राष्ट्रकुल स्पर्धांच्या प्रकरणात अटक, पक्षातून निलंबन, देशभर मोदी लाट, आणि एवढं सगळं होऊन २०१४ला पुण्यात काँग्रेसची मतं घटली ती सव्वीस हजारांच्या आत. त्याच वेळी भाजपची वाढली तीन लाख पंधरा हजारांनी. उमेदवार दोन्ही वेळा तेच, अनिल शिरोळे. मतदान ४१ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर.

सगळे म्हणतात २०१४ला पुण्यानं काँग्रेस सोडली. निव्वळ बेरजेत तसं दिसत नाही. काही लोक इकडून तिकडे गेले असणारच, काही तिकडून इकडे. पण निकाल फिरवला तो आधी घरी बसणाऱ्यांनी आणि यादीत नव्यानं आलेल्यांनी. जुना मतदार बऱ्यापैकी जागच्या जागी होता.

आणखी एक आकडा, निव्वळ योगायोग, पण सोडवत नाही. २००९ला शिरोळे पडले ती मतं २,५४,२७२. २०१४ला कदम पडले ती २,५४,०५६. फरक २१६. अडीच लाख ही पुण्यात पडणाऱ्याची ठरलेली रक्कम वाटावी. आणि दुसऱ्या टोकाला : २ लाख ८० हजारांत कलमाडी खासदार झाले, ४ लाख ६२ हजारांत धंगेकर पडले.

२३ मार्च

मित्राचा आक्षेप : १७ एप्रिल २०१४ला कितीतरी लोकांची नावंच यादीत नव्हती, केंद्रांवरून परत आले, आंदोलनं झाली, मग टक्केवारीवर एवढा भरवसा कसा? आक्षेप योग्य आहे. टक्केवारी यादीवर काढतात, आणि यादी म्हणजे शहर नव्हे. म्हणून तक्त्यात टक्केवारीला दुय्यम जागा, प्रत्यक्ष मतं मोठ्या अक्षरात. नावं गळूनही मतं वाढली, तेव्हा कालचं म्हणणं कायम ठेवते.

२०२४चा विधानसभानिहाय भाग त्यानं रंगवून पाठवला. मोहोळांना पाच ठिकाणी लीड, एकट्या कोथरूडमधून ७४ हजारांच्या आसपास. धंगेकरांना फक्त कॅन्टोन्मेंटमध्ये. ज्या कसब्यानं वर्षभरापूर्वी धंगेकरांना डोक्यावर घेतलं त्या कसब्यातही ते मागे. एका वर्षात कसबा बदलला, की पोटनिवडणुकीला आलेला मतदार वेगळा आणि लोकसभेला आलेला वेगळा? कालच्याच प्रश्नाची छोटी आवृत्ती.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारून झाल्यावर २०२३ची ओळ घेतली, जी ओळ म्हणून अस्तित्वातच नाही.

गिरीश बापट २९ मार्च २०२३ला गेले. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १५१अ म्हणतं, रिकामी जागा सहा महिन्यांत भरा, उरलेली मुदत वर्षापेक्षा कमी असेल तर नको. सतराव्या लोकसभेची मुदत जून २०२४पर्यंत, म्हणजे बापट गेले तेव्हा वर्षाहून जास्त शिल्लक होती. पोटनिवडणूक झाली नाही. आयोगाचं म्हणणं, यंत्रणा २०२४च्या तयारीत गुंतलेली आणि निवडून येणाऱ्याला काळ तरी किती मिळणार. एक पुणेकर उच्च न्यायालयात गेला. डिसेंबर २०२३मध्ये न्यायालयानं आयोगाला फटकारून तातडीनं निवडणूक घ्यायला सांगितलं. जानेवारी २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. पुणे सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत तसंच राहिलं. वीस लाखांच्या घरातले मतदार वर्षभर बिनखासदाराचे. त्यात मार्च २०२२पासून महापालिकाही प्रशासकाच्या हाती, म्हणजे नगरसेवकही नव्हते.

चिटणीस म्हणतात, निवडणूकच झाली नाही तर ओळ कशाला. मी ओळ ठेवली. २०२३ : जागा रिकामी, पोटनिवडणूक नाही. १९५२पासून भरलेल्या तक्त्यात नावाच्या जागी आडवी रेघ असलेली ही एकच ओळ.

६ एप्रिल

नकाशा आला. चांगला झालाय. जाड रेघ लोकसभा मतदारसंघाची, तुटक रेघ महापालिकेच्या हद्दीची, आणि या दोन रेघांचं एकमेकींशी काही देणंघेणं उरलेलं नाही.

महापालिकेत २०१७ला अकरा गावं आली, २०२१ला आणखी तेवीस. क्षेत्रफळात राज्यातली सगळ्यात मोठी महापालिका झाली. (त्यातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची गेल्या सप्टेंबरात पुन्हा बाहेर काढली, नकाशा दुरुस्त करून घेतला.) मतदारसंघाची रेघ मात्र २००८ची, तीही २००१च्या जनगणनेवर आखलेली. राज्याला किती जागा हा आकडा तर १९७१च्या लोकसंख्येवर गोठवलेला, २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. परिणाम : हडपसरचा पुणेकर शिरूरच्या खासदाराला मत देतो, सिंहगड रस्त्याचा बराचसा भाग खडकवासला विधानसभेतून बारामतीला. आयटीतली नोकरी, महापालिकेचा मिळकत कर, पत्त्यावर पुणे, आणि मतपत्रिकेवर बारामती.

मित्रानं नकाशावर तक्ता जिथे लागणार त्या वाचनालयाची खूण केली होती. ती जाड रेघेच्या बाहेर आहे.

१२ एप्रिल

चिटणीसांना हे नवीन नव्हतंच. ते २००९पासून बारामतीलाच मत देतायत. "पण ताई, तक्ता पुण्याचाच पाहिजे, लोक विचारतात." मग माझा प्रस्ताव त्यांनी मानला : मोठ्या तक्त्याच्या उजवीकडे एक अरुंद पट्टी, खडकवासल्याची. खासदाराच्या रकान्यात चारही वेळा एकच नाव, सुप्रिया सुळे. त्या पट्टीत मजा आहे ती दुसऱ्या रकान्यात. २०२४ला सुळे १,५८,३३३ मतांनी आल्या, पण खडकवासल्यात लीड सुनेत्रा पवारांना. २०१९लाही इथलं लीड कांचन कुल यांना होतं. म्हणजे इथल्या लोकांनी गेल्या दोन वेळा ज्यांना जास्त मतं दिली त्या निवडून आल्या नाहीत, आणि तक्त्यात नाव लागलं तिसऱ्याच तालुक्यांनी ठरवलेलं.

पट्टीला रुंदी नऊ इंच मिळाली आहे. नमुना २०मधून खडकवासल्याची केंद्रं वेगळी काढायची आहेत, २००९ची पानं सगळ्यात वाईट स्कॅन झालेली. मित्र म्हणाला, आकडे दे, रंगवून देतो, पण मे महिन्यात. तो गावाला चाललाय आंब्याला.